सर्वो हलला की बोर्ड रीसेट होतोय? कोड नंतर, आधी पॉवर बघा

अर्दुइनो ऊनोसारखा मायक्रोकंट्रोलर बोर्ड (आपला छोटा प्रोग्रॅम चालवणारा) एकटा यूएसबीला लावून चालवला की सगळं मस्त चालतं, एलईडी लुकलुकतो, सिरियल मॉनिटरवर (बोर्डने पाठवलेला मजकूर दाखवणाऱ्या कॉम्प्युटरवरच्या खिडकीत) ओळी पडत राहतात, आणि मग सर्वो, म्हणजे सांगितलेल्या कोनात जाऊन थांबणारी छोटी मोटर, जोडला, तो हलायला लागला, की मधेच सगळं ठप्प होऊन प्रोग्रॅम परत पहिल्यापासून सुरू. बरं, दर वेळी होतं असंही नाही. कधी बराच वेळ नीट चालतं, आपण झाकण लावून स्क्रू आवळतो, आणि तेव्हाच नेमकं सुरू होतं. हा प्रश्न इतक्या वेळा येतो आणि त्यावर इतकी अर्धवट उत्तरं मिळतात की एकदा सगळं नीट एका जागी लिहावं असं वाटलं.

उदाहरणाला तो स्वतःलाच बंद करणारा डबा घेऊ. वरचा स्विच चालू केला की झाकण उघडतं, आतून एक हात येतो, तोच स्विच बंद करतो आणि परत आत जातो, बाकी काहीही करत नाही. कल्पना संगणकशास्त्रज्ञ मार्व्हिन मिन्स्कीची, १९५२ मधली, बेल लॅब्ज या अमेरिकन संशोधन संस्थेत असतानाची, आणि गणितज्ञ क्लॉड शॅननने ती प्रत्यक्षात बनवून आपल्या टेबलावर ठेवली होती. आजही नवीन माणसाने पहिला प्रोजेक्ट कुठला करावा असं विचारलं तर मी हाच सांगतो, कारण यात यांत्रिक भाग आहे, इलेक्ट्रॉनिक्स आहे, थोडा कोड आहे आणि बघणारा प्रत्येक माणूस हसतो. आता बिघाड कसा दिसतो बघा: हात अर्धा बाहेर येतो, झाकणाला टेकतो, सर्वो जरा कण्हतो, बोर्डवरचा दिवा क्षणभर विझतो, हात झटका देऊन भलत्याच जागी जातो, आणि स्विच अजून चालूच असल्यामुळे हात पुन्हा बाहेर यायला निघतो. हे चक्र चालूच राहतं.

इथे बहुतेक जण कोड उघडून बसतात. डीले बदलतात, लायब्ररी बदलतात, कोणाचा तरी दुसरा कोड आणून टाकतात. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. दोष असतो तारेत, केबलमध्ये नाहीतर अडॅप्टरमध्ये.

पहिलं काम म्हणजे हा खरंच रीसेट आहे का हे पक्कं करा. सेटअपच्या (बोर्ड सुरू होताना एकदाच चालणाऱ्या कोडच्या भागाच्या) अगदी पहिल्या ओळींमध्ये एक एलईडी तीनदा पटापट लुकलुकवा, आणि ती खूण बाकी प्रोग्रॅममध्ये दुसरीकडे कुठेही वापरू नका. आता बिघाड होताना ती खूण दिसली तर बोर्ड नव्याने सुरू झालाय, आणि नाही दिसली तर बोर्ड अडकलाय, म्हणजे हँग झालाय, ही वेगळी गोष्ट आहे (तीही पॉवरमुळे होऊ शकते, खाली सांगतो). ऊनोवर तर रीसेट झाला की बूटलोडर (आपल्या कोडच्या आधी चालणारा चिपमधला छोटा प्रोग्रॅम) स्वतःच १३ नंबरच्या पिनचा दिवा चमकवतो, तेवढ्यावरूनही कळतं. एक गोष्ट मात्र लक्षात असू द्या, सिरियल मॉनिटर उघडला की ऊनो मुद्दाम रीसेट होतो, ती त्याची रचनाच आहे, त्यामुळे मॉनिटर उघडताना झालेला रीसेट बिघाडात धरू नका.

दुसरं काम, आणि हे अजिबात टाळू नका: सर्वोचा कनेक्टर पूर्ण उपसून काढा, तिन्ही तारा, आणि तोच कोड एक अक्षरही न बदलता चालवा. फक्त लाल तार काढून सिग्नलची तार तशीच ठेवली तर सिग्नलमधून थोडा करंट सर्वोत शिरतो आणि निकाल गोंधळात टाकतो, म्हणून तिन्ही काढायच्या. सर्वो नाहीये, पण कोडला ते माहीत नाही, तो आपले पल्स पाठवत बसेल. आता रीसेट थांबला? मग कोड निर्दोष आहे. तरीही होतोय? मग शेवटच्या भागाकडे जा.

आता हे होतं का. एसजी ९० सारखा छोटा निळा सर्वो नुसता फिरताना फार करंट घेत नाही, पण सुरू होतानाच्या क्षणी आणि कशाला तरी अडकल्यावर तो अर्ध्या अँपिअरच्याही वर जातो. धातूचे गिअर असलेले मोठे सर्वो तर अडकल्यावर दोन अँपिअरच्या पुढे जाऊ शकतात. यूएसबी २.० चा पोर्ट द्यायला बांधील आहे ५०० मिलीअँपिअर, आणि ऊनोवर त्याच आकड्याच्या आसपासचा स्वतःहून परत जुळणारा फ्यूजही बसवलेला असतो. म्हणजे एकच छोटा सर्वो अडकला की गणित संपलं. घरात एक नळ पूर्ण सोडला की दुसऱ्याची धार बारीक होते ना, तसंच सर्वोने करंट ओढला की त्याच तारेवर बसलेल्या प्रोसेसरचा व्होल्टेज खाली जातो.

तारांचा हिशोब एकदा मांडून बघाच, कारण अडॅप्टर चांगला असूनही इथेच घात होतो. स्वस्त यूएसबी केबलमध्ये पॉवरच्या तारा बऱ्याचदा २८ गेजच्या असतात (गेजचा आकडा जितका मोठा तितकी तार बारीक), त्यांचा रेझिस्टन्स मीटरला साधारण ०.२१ ओहम, आणि करंट जाऊन परत येतो म्हणून एक मीटरच्या केबलचे झाले ०.४२. एक अँपिअर ओढला की केबलमध्येच ०.४ व्होल्ट गेले. पुढे ब्रेडबोर्ड, त्याच्या क्लिपा, बारीक जंपर, प्रत्येक जोडावर थोडं थोडं अजून. जुन्या, ढिल्या झालेल्या ब्रेडबोर्डवर तर काही बोलायलाच नको. २४ गेजची जाड तार घेतली तर तोच आकडा मीटरला ०.०८४ ओहम, म्हणजे नुसती केबल बदलून निम्म्याहून जास्त नुकसान वाचतं. म्हणून कोणी विचारलं की मी आधी म्हणतो, केबल बदलून बघ. आखूड आणि जाड.

मल्टिमीटर लावला तर तो बरोब्बर पाच व्होल्ट दाखवतो आणि माणूस म्हणतो पॉवर तर ठीक आहे. मीटर सेकंदाला दोन-तीनदाच आकडा बदलतो, आणि इथे व्होल्टेज पडतो काही मिलिसेकंदांसाठी, तो त्याला दिसणार कसा. ऑसिलोस्कोप असेल तर ५ व्होल्टच्या लाइनवर लावा, ट्रिगर साडेचारला, खाली जाणाऱ्या कडेवर, एकदाच पकडणाऱ्या मोडमध्ये, आणि सर्वो हलवा. स्कोप नसेल तरी ऊनोकडे एक सुंदर सोय आहे: त्याच्या चिपमध्ये १.१ व्होल्टचा अंतर्गत रेफरन्स असतो, तो एडीसीने, म्हणजे व्होल्टेजचा आकडा करणाऱ्या चिपमधल्याच भागाने, सप्लायच्या तुलनेत मोजायचा. सप्लाय ५ व्होल्ट असेल तर रीडिंग २२५ च्या आसपास येतं, आणि सप्लाय पडला की रीडिंग उलट वर चढतं, २८० आलं म्हणजे सप्लाय ४ व्होल्टवर आलाय. हा रेफरन्स प्रत्येक चिपमध्ये थोडा पुढेमागे असतो त्यामुळे आकडा तंतोतंत धरू नका, पण सर्वो हलताना तो किती उडी मारतो हे स्पष्ट दिसतं. बोर्ड स्वतःच स्वतःची नाडी बघतो, मला हे फार आवडतं.

आणि ऊनोचं एक खास आहे जे फारसं कोणी सांगत नाही. त्याचा ब्राउनआऊट, म्हणजे व्होल्टेज पडल्यावर चिप स्वतःला रीसेट करते ती पातळी, २.७ व्होल्टवर ठेवलेली असते. पण १६ मेगाहर्ट्झवर ही चिप नीट चालेल याची डेटाशीटमधली हमी साधारण ३.८ व्होल्टपर्यंतच आहे. मग ३.८ ते २.७ च्या मधल्या पट्ट्यात काय होतं? काहीही. रीसेट होत नाही, पण चिप चुकीचं काही वाचू शकते, व्हेरिएबलमध्ये कचरा येतो, प्रोग्रॅम भलतीकडे जाऊन अडकतो. वर म्हटलेला हँग तो हाच, आणि म्हणूनच तो कोडमधल्या बगसारखा दिसतो आणि लोक आठवडाभर कोड चाळत बसतात.

आता दुरुस्ती

खरा उपाय एकच आहे, सर्वोला स्वतःची पॉवर द्या. ५ व्होल्ट २ अँपिअरचा चांगला अडॅप्टर घ्या, त्याच्या टोकापासूनच दोन वेगळ्या जोड्या काढा, एक जोडी सर्वोकडे, एक बोर्डकडे. सर्वोचा करंट बोर्डवरून, बोर्डच्या पिनांवरून, ब्रेडबोर्डच्या पट्टीवरून जाता कामा नये, जाताना पण नाही आणि ग्राउंडमधून, म्हणजे मायनसच्या तारेतून, परत येताना पण नाही. लोक प्लस वेगळा करतात आणि ग्राउंड मात्र बोर्डमधूनच फिरवतात, मग अर्धा प्रॉब्लेम तसाच राहतो.

पण ग्राउंड एकत्र जोडलेला हवाच! वेगळी पॉवर म्हणजे ग्राउंडही वेगळा असं समजून तो तोडला की सर्वो थरथरतो, वेड्यासारखा फिरतो नाहीतर हलतच नाही, कारण सिग्नल कशाच्या तुलनेत मोजायचा हेच त्याला कळत नाही. दोन्ही ग्राउंड एका जागी, अडॅप्टरच्या टोकाशी जुळवा. सर्वोची तपकिरी किंवा काळी तार ग्राउंड, लाल प्लस, आणि नारिंगी, पिवळी किंवा पांढरी असते ती सिग्नल.

बोर्डच्या ५ व्होल्ट पिनला बाहेरून पॉवर दिली असेल तर त्याच वेळी कॉम्प्युटरची यूएसबी लावू नका, उलटा करंट पोर्टमध्ये जाऊ शकतो. कोड चढवताना त्या पिनची तार काढा, ग्राउंड राहू द्या, झालं की परत लावा.

चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी या कामाला वापरू नका. तिचा आतला रेझिस्टन्स जास्त असतो, करंट ओढला की व्होल्टेज लगेच बसतो. त्यापेक्षा चार रिचार्जेबल एए सेल कितीतरी बरे, ४.८ व्होल्ट होतात, सर्वो त्यावर खूश असतो. साधे अल्कलाइन चार सेल नवे असताना ६ च्या वर जातात, ते बहुतेक छोट्या सर्वोला चालतात पण बोर्डच्या ५ व्होल्ट पिनला लावू नका.

कॅपॅसिटरबद्दल (थोडी वीज साठवून गरजेला पटकन देणारा भाग) जरा जास्त लिहितो कारण सगळ्यांचा पहिला सल्ला तोच असतो. सर्वोच्या प्लस आणि ग्राउंडमध्ये, सर्वोच्या अगदी जवळ, १००० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक लावा, १० किंवा १६ व्होल्टचा, पट्टा असलेला पाय ग्राउंडला, उलटा लावला तर फुगतो आणि फुटतो. लावाच, उपयोग होतो. पण किती होतो ते बघा. १००० मायक्रोफॅरडमधून अर्धा अँपिअर एक मिलिसेकंद ओढला की त्याचा व्होल्टेज अर्ध्या व्होल्टने उतरतो. म्हणजे सर्वो सुरू होतानाचा छोटा झटका तो पचवतो, पण हात झाकणाला अडकून अर्धा सेकंद दाबत बसला तर त्याच्या हातात काही नाही. कॅपॅसिटर लावून रीसेट कमी झाला पण गेला नाही असं असेल तर समजा की मूळ सप्लाय कमजोर आहे किंवा यंत्र कुठेतरी अडतंय. आणखी मोठा कॅपॅसिटर शोधत बसू नका.

अडण्याचं बघू, कारण या डब्यात हमखास तेच असतं. पॉवर बंद करा, सर्वोच्या दांड्यावरचा स्क्रू काढून हात मोकळा करा, आणि बोटाने तो पूर्ण मार्गावर फिरवा, आतून बाहेर, स्विचपर्यंत, आणि परत. कुठे घासतंय, बिजागरी कुठे कडक आहे, झाकण शेवटच्या टप्प्यात कडेला अडतंय का हे बोटाला लगेच कळतं. सर्वोची गुणगुण थांबतच नसेल तर तो सांगितलेल्या कोनापर्यंत पोचू शकत नाहीये आणि सतत जोर लावतोय, म्हणजे सतत करंट खातोय. शेवटचा कोन दोन-तीन अंश मागे घ्या. स्विच कडक असेल तर हलका टॉगल बसवा. गंमत म्हणजे कित्येकदा एवढ्यानेच रीसेट जातो आणि पॉवरला हातही लावावा लागत नाही.

कोडमध्ये करण्यासारखं थोडंच आहे, पण आहे. एकदम शून्यावरून नव्वदवर उडी मारायला लावू नका, एकेक अंशाने न्या, मधे १५ मिलिसेकंद थांबा, करंटचे शिखर खूप खाली येतं. दोन सर्वो असतील, एक झाकणाचा एक हाताचा, तर दोघांना एकाच क्षणी सुरू करू नका, एक पोचला की दुसरा. ऊनोवर कोडमधून सर्वो अटॅच केला, म्हणजे त्याचा सिग्नल सुरू केला, की तो आपोआप मधल्या ९० अंशाच्या जागेकडे धावतो, म्हणून अटॅचच्या आधीच सुरुवातीचा कोन लिहून ठेवा. ही ओळ महत्त्वाची आहे: रीसेट झाला, सेटअप चालला, सर्वो ९० कडे धावला, अडकला, करंट ओढला, पुन्हा रीसेट, असं न संपणारं चक्र बऱ्याचदा यामुळेच सुरू होतं. आणि हात आत जाऊन बसला की डिटॅच करा.

ईएसपी ३२ वाल्यांसाठी वेगळं

ईएसपी ३२ म्हणजे वायफाय असलेला बोर्ड. तुमच्याकडे निदान सोपं आहे, सिरियलवर बोर्ड स्वतःच सांगतो की ब्राउनआऊट डिटेक्टर ट्रिगर झाला. शिवाय रीसेटचं कारण सांगणारं फंक्शन तयार आहे, ते सेटअपमध्ये प्रिंट करा. (ऊनोच्या चिपमध्येही अशी नोंद असते पण बूटलोडर ती आधीच पुसतो, तिच्या मागे लागू नका.) इथे सर्वो नसतानाही नुसतं वायफाय सुरू होताना रीसेट होऊ शकतो, कारण पाठवतानाचे करंटचे झटके मोठे असतात, म्हणूनच सप्लाय किमान ५०० मिलीअँपिअरचा हवा असं बनवणारेच सांगतात. बऱ्याच बोर्डवर १११७ जातीचा रेग्युलेटर (व्होल्टेज कमी करून स्थिर ठेवणारी चिप) असतो, त्याला ३.३ व्होल्ट बाहेर द्यायला आत साधारण ४.४ तरी लागतात. केबलने ०.४ खाल्ले, वाटेतल्या डायोडने ०.३, राहिले ४.३. बघा किती काठावर चाललंय सगळं.

ब्राउनआऊट डिटेक्टर कोडमधून बंद करायची एक ओळ सगळीकडे फिरत असते. कृपा करून ती टाकू नका. व्होल्टेज पडायचा थांबत नाही, फक्त चिप तक्रार करायची थांबते, आणि कमी व्होल्टेजवर फ्लॅशमध्ये काही लिहिणं चालू असेल तर सेटिंग्ज खराब होऊ शकतात.

एलईडी पट्टी पण असेल तर तिचा हिशोब वेगळा धरा. डब्ल्यूएस २८१२ जातीचा एक एलईडी पूर्ण पांढरा लागला की जवळपास ६० मिलीअँपिअर, मीटरला ६० एलईडीची पट्टी म्हणजे ३.६ अँपिअर. डब्यात आठ-दहा एलईडी असतील तरी अर्धा अँपिअर झाला. ब्राइटनेस कमी ठेवा, फास्टएलईडी लायब्ररीत जास्तीत जास्त करंट ठरवून द्यायची सोय आहे ती वापरा. ३.३ व्होल्टच्या बोर्डवरून पट्टी चालवताना नुसते रंग चुकत असतील, पण रीसेट नसेल, तर तो सिग्नलच्या पातळीचा प्रश्न आहे: पट्टीला सप्लायच्या ०.७ पट, म्हणजे ३.५ व्होल्ट हवेत आणि मिळतायत ३.३. सिग्नल ५ व्होल्टपर्यंत चढवणारा लेव्हल शिफ्टर लावा.

रीसेट कधी होतो त्यावरूनही बरंच कळतं. सर्वो हलतानाच होतो तर वरचं सगळं. काही मिनिटं चालून मग होतो, थोड्या वेळाने परत ठीक, आणि रेग्युलेटरला बोट लावलं तर चटका बसतो, तर तुम्ही १२ व्होल्टचा अडॅप्टर ऊनोच्या गोल जॅकला लावलाय. उरलेले ७ व्होल्ट तो रेग्युलेटर उष्णतेत घालवतो, २०० मिलीअँपिअरला १.४ वॉट, इतक्याशा चिपला ते झेपत नाही आणि ती तापून स्वतःला बंद करते. पॉवर बँकेवर डबा थोड्या वेळाने पूर्ण बंदच पडतो, परत सुरूही होत नाही, तर करंट फार कमी जातोय म्हणून पॉवर बँकच झोपली आहे, बोर्डचा काही दोष नाही. आणि सर्वोऐवजी रिले किंवा साधी डीसी मोटर असेल, नेमका बंद होताना रीसेट होत असेल, तर कॉइलवर उलटा डायोड लावायचा राहिलाय, १एन४००७ चालतो, पट्ट्याची बाजू प्लसला. ब्रशवाल्या मोटरच्या दोन टोकांवर थेट ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कॅपॅसिटरही सोल्डर करा.

आता, सर्वो पूर्ण काढूनही रीसेट होतच असेल तर. आधी केबल आणि पोर्ट बदलून एकदा खात्री करा आणि मगच कोड उघडा. ऊनोत एकूण रॅम २ केबी आहे, सिरियलवर छापायच्या लांबलचक ओळी आणि स्ट्रिंग ऑब्जेक्ट ती पटकन खाऊन टाकतात, न बदलणारा मजकूर एफ मॅक्रोने फ्लॅशमध्ये ढकला. अॅरेच्या हद्दीबाहेर लिहिणारा लूप शोधा, पाच घरांच्या अॅरेत सहावं घर भरणारा. ईएसपी ३२ असेल तर सिरियलवर ‘गुरू मेडिटेशन’ असं लिहून आकड्यांची रांग येते, ती आली म्हणजे क्रॅश बहुधा कोडमधलाच आहे. ती रांग एक्सेप्शन डीकोडरमध्ये टाका, कुठल्या फाइलच्या कुठल्या ओळीवर पडला ते तो थेट दाखवतो.